सोळाशेचे चौपट: एका सातारकर वाचकाला उत्तर

नमस्कार सातारकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं निम्मं पटलं. ख्रिस्ताच्या क्षमेनं वीस वर्षांचं ओझं उतरलं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारता: फसवलं शेतकऱ्याला, माफी देवाकडून, मोकळे तुम्ही, मग शेतकऱ्याला काय मिळालं? आमच्याकडं केलेलं भोगावं लागतं, तुमच्याकडं दर रविवारी पाटी पुसून मिळते, असंही तुम्ही म्हणता. आणि शेवटी, आधी माणसाला पापी ठरवायचं आणि मग औषध विकायचं, हा धंदा आहे.

शेवटचं आधी उरकतो. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘तुझ्या पापामुळंच हे’ म्हणणारे प्रचारक मीही पाहिलेत. त्यांची वकिली मी करणार नाही. पण मला कुणी काही विकलेलं नाही. मी जन्मानं ख्रिस्ती, मिरजेचा. डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात माझे आजोबा कामाला होते. पापकबुलीची प्रार्थना मला शाळेतल्या पाढ्यांसारखी पाठ होती, आणि पाढ्यांसारखीच ती मनाला न टोचता तोंडातून निघून जायची.

आता मुद्द्याचं. मागच्या लेखात मी ‘शेतकऱ्याशी एक गैरव्यवहार’ एवढंच लिहून सुटलो, तेही चुकलंच. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून, होतो. हळदीचा सौदा झाला की वजन, भाव, हमाली, तोलाई लिहून शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी मी करायचो. 1998-99 च्या हंगामात, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्या पोत्यामागं दोन-तीन किलो कमी लिहीत गेलो. मधला माल एका हमालाला हाताशी धरून बाजूला काढला आणि विकला. मालकाला पत्ता नव्हता. कृष्णाकाठच्या एका म्हाताऱ्याचे असे चाळीस किलो खाल्ले, तेव्हाच्या भावानं सोळाशे रुपये. तो पट्टी उलटी धरून बघत होता आणि मी सरळ करून दिली. हे मला विसरता आलं नाही.

पुढं नोकरी सोडली, पण यार्डाकडचा रस्ता टाळायचो. स्टँडवर पांढरी टोपी दिसली की पलीकडच्या बाजूनं जायचो. 2005 च्या पुरात सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, बुडाली, लोकांची हळद कुजली, अख्खी सांगली हळहळत होती. आणि माझ्या मनात आलं, त्याच भागात ठेवलेली दुकानाची जुनी दप्तरंही वाहून गेली असतील तर बरं. लाज माणसाला सुधारते म्हणतात. मला तिनं फक्त लपायला शिकवलं.

तुमच्या प्रश्नावरून वाटतं, पैसे परत केले की विषय संपायला हवा. मग तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणाऱ्या त्याच्या शिष्याचं, यहूदाचं काय? बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 27 व्या अध्यायात तो पस्तावतो, तीस नाणी परत नेतो, निर्दोष माणसाचा घात केला असं तोंडानं कबूल करतो. याजक म्हणतात, आम्हाला त्याचं काय, तुझं तू बघ. तो नाणी मंदिरात फेकतो आणि गळफास घेतो. भरपाई झाली, कबुली झाली, माणूस मात्र वाचला नाही. येशूला धरलं त्या रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्यानंही शेकोटीजवळ उभं राहून तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं होतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, येशू पुन्हा उठल्यानंतर, पुन्हा कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, मासे भाजताहेत, आणि येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो: माझ्यावर प्रेम आहे का? जखम झाली तिथंच बोट ठेवलंय, पण जेवायला बसवून. दोघांतला फरक मला तरी एवढाच दिसतो, की एकाला परत जायला जागा होती आणि तो गेला.

आणि भोगणं कुठं चुकतं हो? बायबलमधल्या दावीद राजानं आपल्या उरीया नावाच्या सैनिकाला मारवून त्याची बायको घेतली. त्यानं कबुली दिल्यावर नाथान संदेष्टा त्याला म्हणतो, देवानं तुझं पाप दूर केलंय. आणि त्याच दमात सांगतो की तुझं मूल मरेल; तलवार तुझ्या घरातून हलणार नाही, हे तर त्याआधीच सांगून झालेलं असतं. (त्यात ते तान्हं पोर का मरावं, हे मला अजून पचलेलं नाही.)

2018 साली प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आदल्या संध्याकाळी हे सगळं मी आमच्या पाळकांना सांगितलं. ते लगेच ‘क्षमा झाली’ म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘त्या म्हाताऱ्याचं गाव माहितीय का?’ वेदीपाशी अर्पण तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तयातलं वचन मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पुढं ते म्हणाले, ‘देवानं तुला हाकललेलं नाही, म्हणून जाता येईल. जा.’ देव आपल्याला टाकणार नाही हे त्या रात्री मला पहिल्यांदा खरं वाटलं. मोकळं होणं मी म्हणतो ते हे, सातारकर. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय या जकातदारानंही येशू घरी आल्यावर चौपट परत करतो म्हटलं, आधी नाही.

सोळाशेचे चौपट सहा हजार चारशे घेऊन गेलो. म्हातारा वारला होता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘त्या साली पट्टी कमी आली म्हनून सावकाराचं घेतलं. फेडता फेडता चार सालं गेली. पैसं ठिवा हितं. माफ-बिफ करायचं मला जमायचं न्हाई.’ मी ‘बरं’ म्हणालो. तिनं माफ करावं असा माझा हक्क नव्हता, आणि देवानं केलं म्हणून तिच्यावर तशी सक्तीही येत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी एवढंच देऊ शकतो: तिला पैसे मिळाले, वीस वर्षं उशिरा, आणि तिचा राग तिच्यापाशीच राहिला.

बाकीच्यांपैकी चार घरं सापडली. उरलेल्यांचे चेहरे आठवतात, नावं नाहीत. त्या काळी कोरेगाव, कराडकडूनही काही जण माल घेऊन यायचे. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी त्या हंगामाची पट्टी कमी आल्याचं अजून बोलत असतील, तर मला कळवा. मी येऊन जाईन.