पैसे तिचे, विश्वस्त आपण

आज सकाळी आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर एकीने लिहिले, ‘यांच्यासाठी कितीही करा, कृतघ्न ते कृतघ्नच.’ कारण एवढेच, की जिच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही वर्गणी काढली होती, त्या स्वयंपाकाच्या बाईंनी उरलेल्या पैशांचा हिशेब विचारला. खाली अकरा अंगठे. तेव्हापासून ॲन यर्सली माझ्या डोक्यातून जात नाही.

अठराव्या शतकात ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टनमध्ये ही बाई दूध विकायची आणि हॅना मोर या नामांकित लेखिकेच्या स्वयंपाकघरातून डुकरांसाठी खरकटे न्यायची. ती कविता करते, हे मोरबाईंना कळले ते त्यांच्या स्वयंपाकिणीकडून. त्यांनी एलिझाबेथ माँटेग्यूंना, म्हणजे लंडनच्या ‘ब्लू स्टॉकिंग’ विदुषींच्या म्होरक्या बाईंना, हाताशी धरले, हजारावर वर्गणीदार मिळवले आणि १७८५ मध्ये तिचा संग्रह छापला. जमलेले पैसे मात्र गुंतवले गेले आणि विश्वस्त झाल्या मोर आणि माँटेग्यू. यर्सलीने दस्ताची प्रत मागितली, मुलांसाठी ठेवलेल्या त्या पैशांवर विश्वस्त म्हणून आपलेही नाव असावे म्हणाली, आणि त्या क्षणी ती कृतघ्न ठरली.

आमच्या आईकडे कामाच्या मावशींचे पैसे असत. दर महिन्याला पगारातले शंभर रुपये आई बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकायची आणि वहीत लिहायची. नवरा दारूत उडवेल ही भीती. भीती खरी होती, हे मी नाकारत नाही. यर्सलीच्या काळी तर बायकोची कमाई कायद्यानेच नवऱ्याची होती, तेव्हा मोरबाईंच्या काळजीलाही आधार होता, आणि त्यांच्या खटपटीवाचून ते पुस्तक निघाले नसते, हेही मान्य.

पण मग त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी असे का लिहावे, की कवितेच्या रिकामटेकडेपणाला ती भुलेल इतके स्वावलंबन तिला द्यायचे नाही? स्वतः नाटके लिहून नाव कमावलेल्या बाईने! स्वतःची कविता ती साधना आणि गवळणीची कविता तो रिकामटेकडेपणा, हे वाचून आजही माझे डोके फिरते. ज्या विदुषींना पुरुषांनी हिणवले म्हणून आपण हळहळतो, त्यांनी आपल्या दिवाणखान्याचे दार नेमके किती उघडले होते?

मावशींनी एकदा शिलाई मशीन घ्यायला सगळे पैसे मागितले. आई म्हणाली, ‘आत्ता कशाला हवेत?’ मावशी गप्प उभ्या राहिल्या, पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत. मी तेव्हा नववीत होते, अभ्यासाचे पुस्तक समोर धरून सगळे ऐकत होते आणि आईचेच बरोबर, असे मला वाटत होते. आईला आज दोष देताना माझा हात थोडा थांबतो, कारण त्या डब्यातला एक रुपयाही तिने कधी खर्चला नाही.

यर्सली भांडली. त्याच पुस्तकाच्या नंतरच्या एका आवृत्तीत तिने आपली बाजू छापून टाकली, पैसे मिळवले, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध दीर्घ कविता लिहिली, नाटक लिहिले, कादंबरी लिहिली, आणि १७९३ मध्ये ब्रिस्टलच्या हॉटवेल्समध्ये स्वतःचे वाचनालय थाटले.

आमच्या मावशींना पैसे मिळाले ते चार महिन्यांनी, आईला पटल्यावर. ती वही परवाच आवरताना हाती लागली. सगळे आकडे आईच्या सुबक अक्षरात आहेत. मावशींची सही किंवा अंगठा एकाही पानावर नाही.

समूहावर मी अजून काही लिहिलेले नाही. हे इथे टाकते आहे आणि आता तिथे तो हिशेब मागते.