भाचीचं नाव कुठे आहे?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दुकानांच्या पाट्यांवरून जोरात चाललंय. २०२४ पासून कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, तेव्हापासून बेळगावचं शहापूर, खानापूर, निपाणी सगळीकडचे मराठी भाऊबंद तावातावाने लिहितात, आणि लॉस एंजेलिसला राहूनही मी लिहिते. आपल्या दुकानावर आपल्या भाषेत नाव ठळक असावं हे मला शंभर टक्के पटतं, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला आम्ही १ नोव्हेंबरला पाळतो त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला आजोबांच्या सायकलच्या दांडीवर बसून गेलेली मुलगी मी.

पण त्याच ग्रुपवर परवा भाचीचा विषय निघाला. ती बेळगावात एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. काका म्हणाले, "काय करालीस गं दिवसभर त्या कंप्यूटरसमोर, बेंगळूरला जा नाहीतर मावशीकडे जा." कोणी विरोध केला नाही.

मी तिचं काम बघितलंय. व्हिडिओ कॉलवर तिने मला एक लग्न दाखवलं, मुलगा निपाणीचा मराठी, मुलगी गोकाकची कन्नड. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना आवाज तिने तसाच चालू ठेवला आणि चित्र मुलीच्या आईवर नेलं, पदराचं टोक दातात धरून उभी होती ती, आणि मग "सावधान" म्हटल्यावर पण अक्षता टाकणाऱ्या मुठी उघडायच्या जरा आधी परत मांडवात आली. म्हणाली, "अक्षता आधी दिसल्या तर आईचं रडणं वाया जातं मावशी." तीन कॅमेऱ्यांच्या ढिगातून ती एक जागा तिने शोधली होती. शेवटी नावं येतात त्यात स्टुडिओ, फोटोग्राफर, केटरर, ड्रोनवाला पण असतो, हिचं नाव नाही. पैसे लग्नागणिक, सीझनमध्ये रात्र रात्र जागून.

मला तेव्हा हॉलिवूडची जुनी एडिटर मार्गारेट बूथ आठवली. ती इथलीच, लॉस एंजेलिसची, जन्म १८९८. भाऊ एल्मर नट होता, १९१५ मध्ये मोटारीच्या अपघातात गेला, घरात पैसे हवेत म्हणून सतरा वर्षांची ही पोरगी त्याच वर्षी मूकपटांचा दिग्दर्शक ग्रिफिथ याच्याकडे फिल्म जोडायला लागली. तेव्हा निगेटिव्हच्या कडेला नंबर नसायचे, प्रिंट बघून नुसत्या डोळ्याने जुळवायचं, त्याची नटी लिलियन गिश हिचे क्लोजअप तर इतके एकसारखे की सगळ्याजणी एकमेकींना मदत करत बसायच्या. पुढे जॉन स्टाल नावाच्या दिग्दर्शकाकडे असताना ती रात्री थांबून टाकून दिलेल्या तुकड्यांवर हात बसवायची, त्याने एकदा ते बघितलं आणि तिचं जोडलेलं सिनेमात घेतलं. १९३९ पासून जवळजवळ तीस वर्षं एमजीएम या मोठ्या स्टुडिओची मुख्य एडिटर तीच होती.

पण म्हणून इथं सगळं चांगलं होतं असं नाही. सुरुवातीला हे काम बायकांना मिळालं ते शिवणकामासारखं हलकं समजलं म्हणून, आणि मान-पैसा वाढल्यावर पुरुष येत गेले. बूथला मानद ऑस्कर मिळालं ते १९७८ मध्ये, कामाला लागून ६३ वर्षांनी! तरी एक गोष्ट झाली, १९३७ मध्ये एडिटर लोकांनी आपली युनियन काढली, मजुरी आणि कामाचे तास यावर स्टुडिओशी बोलायला एक जागा झाली. हे त्यांनी भांडून घेतलं, आणि भांडायचं कसं हे बेळगावच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की तिला माझ्याकडे पाठवू नका. तिला शिकायचं असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे, प्रभातच्या जुन्या आवारातच आहे, आपल्यापासून एका रात्रीचा प्रवास. नाहीतर शहापुरातच राहू दे, दोन्ही भाषा कळणारी पोरगी दोन्हीकडच्या लग्नात काय कुठं जोडायचं ते जाणते, बेंगळूरच्या ऑफिसात ते कोणाला लागणार आहे? फक्त महिन्याचा पगार ठरवून घ्या आणि शेवटी तिचं नाव येऊ दे. पाटीवरच्या नावासाठी रस्त्यावर उतरणारे आपण घरातल्या मुलीचं नाव गेलं तर गप्प कसे बसतो, हे मला खरंच कळत नाही.

काकांचं उत्तर आलेलं नाही. बहिणीचा मात्र फोन आला, सोमवारी अकराला ती भाचीबरोबर मालकाकडे जाणार आहे. मला फोनवर थांब म्हणाली, इथं रविवारचे रात्रीचे साडेदहा असतील, मी जागी आहे.