चाळीस फूट उजेड

माझ्याकडे दोन दिवस जादूची तलवार होती. त्या दोन दिवसांत तिने मी एकच बळी घेतला, आणि त्यातलंही निम्मं श्रेय आमच्या आईचं आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आंबे संपत आलेले. रात्री-अपरात्री फणस धप्पकन पडून कुत्र्यांना दचकवत होते. आणि वळवाचा पहिला पाऊस पडल्याबरोबर लाईट गेलेली. आमच्या देवगड तालुक्यात लाईट नुसती जात नाही, माहेरी जाते. परत कधी यायचं ते तिच्या मनावर. घरात पुण्याहून आलेली तीन पोरं होती: थोरल्या भावाचा मुलगा, त्याची बहीण आणि माझा भाचा. फोनची बॅटरी संपत आली तसा पुतण्याने पिशवीतून खेळ काढला. मला वाटलं, पत्ते असतील. चटई घेऊन मी आपण होऊन पडवीत जाऊन बसलो. पुढचं सगळं त्या चटईमुळे झालं.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली काढला, म्हणजे खेळ माझ्याहून थोडासाच लहान. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं सोंग काय करतं ते बोलून दाखवायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुतण्या सूत्रधार झाला, पुतणी मांत्रिक, भाचा चोर. मारामारी करायला एक धिप्पाड माणूस हवा होता. माझं वजन पंचावन्न किलो आहे, पण कागदावर चालतं म्हणाले.

आई शेजारी बसून आठळ्या सोलत होती. तिने अर्धा तास ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे ह्यो दशावतारच मरे."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरंच होतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान ते ठरतं, कुणी राजा व्हायचं, कुणी राक्षस ते ठरतं, आणि मग रंगमंचावर उभं राहून ज्याने त्याने आपापले संवाद तिथल्या तिथे रचायचे. तलवारीही तशाच, चकचकीत आणि निरुपद्रवी.

"फरक इतकोच," आई म्हणाली, "हय तोंडाक रंग नाय."

दुसऱ्या दिवशी एका थडग्यात सांगाड्यांशी झटापट करून आम्ही पेटी उघडली, तर आत तलवार. पुतण्याने आवाज खाली नेला. "काका, मुठीवर विचित्र अक्षरं कोरलेली आहेत. पात्यातून ऊब येतेय." मी हर्षभराने म्हटलं, "घेतली. चला, कापाकापी."

असं होत नाही म्हणे. जादूची वस्तू काय करते हे कळायला आधी तिच्यासोबत तासभर शांत बसायचं. ते झालं की तिच्याशी सूर जुळवायला आणखी एक तास बसायचं. दोन्ही कामं एका बैठकीत चालत नाहीत. सूर जुळल्याशिवाय ती आपली साधी लोखंडी तलवार, बाजारात पंधरा मोहरांना मिळते तशी. शिवाय एका माणसाचे सूर एका वेळी तीनच वस्तूंशी जुळतात. हे सगळं छापील नियमात आहे, पाचव्या आवृत्तीच्या, २०१४ सालच्या. मला वाटत होतं की जादू म्हणजे कामं झटपट होणं. इथे तर आज अर्ज, उद्या पोच, परवा सही. सातबाऱ्याची ज्याला सवय आहे त्याने तक्रार करू नये, म्हणून मी गप्प बसलो.

दोन तास झाले. (खेळातले. आमचे दोन चहा झाले.) तलवारीचं नाव निघालं फ्लेम टंग. मी तिला अग्निजिव्हा म्हणायला लागलो. हुकमाचा शब्द उच्चारला की पातं पेट घेतं. मग प्रत्येक वाराला नेहमीच्या जखमेवर सहा बाजूंचे आणखी दोन फासे टाकायचे, ती भाजल्याची जखम. आणि उजेड: चाळीस फूट लख्ख, त्यापुढे चाळीस फूट मिणमिणता.

हा उजेडाचा आकडा माझ्या मनात भरला. चाळीस फूट म्हणजे आमच्या पडवीपासून विहीर ओलांडून गोठ्यापर्यंत. मिणमिणता धरला तर पार परड्यातल्या फणसापर्यंत. मी हे सगळ्यांना हात करून दाखवत होतो, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला.

"अवो, इतको उजेड पडता तर ती हयसर आणा. माका ताटां वाढूक कायएक दिसना नाय."

आईची शंका वेगळी होती. "तेल खंयचा घालतत तेका?"

"तेल लागत नाही गं."

तिने आठळी खाली ठेवली. "तेलाशिवाय पेटता ती देवचाराची चूड. घरात नको."

पुतण्या म्हणाला, "काका, हुकमाचा शब्द तुम्हीच ठरवा." मी म्हटलं, "पेट." दोन अक्षरं, आणीबाणीत जीभ अडखळायला नको. विझवायची झाली तर तोच शब्द पुन्हा म्हणायचा, हेही त्याने सांगितलं. मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. लाईट गेलेल्या घरात, पहिल्या पावसाने सरपण भिजलेलं असताना, माणूस दिवसातून किती वेळा 'पेट' म्हणतो याचा हिशेब मी तोवर केलेला नव्हता.

त्या रात्री आम्ही एका खिंडीत दगडाआड दबा धरून बसलो होतो. समोरून गॉब्लिन नावाच्या बुटक्यांची टोळी चाललेली. बारा जण. पुतणीने श्वास रोखलेला, भाच्याने तर खरोखरच चटईवर अंग चोरलेलं. आतून आवाज आला, "अवो, काडी पेटना नाय!"

मी म्हटलं, "ओली झाली असेल. ओली काडी पेट घेत नाही."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "खिंड ऐंशी फुटांपर्यंत उजळून निघते. बाराही गॉब्लिन वळून बघतात."

"अरे, ते मी तुझ्या काकूला म्हटलं!"

"तलवारीला काय माहीत तुम्ही विवाहित आहात?"

यावर उत्तर नव्हतं. लढाई सुरू झाली. माझी पाळी आली तशी पुतणीने काळजीने विचारलं, "काका, पेटलेली आहे ना?" मी छाती फुगवून सांगितलं, "पेट घेतलाय ना तिने!" विझली. शब्दाने तलवार पेटवणं-विझवणं ही जादा कृती धरतात आणि ती एका पाळीत एकदाच करता येते. त्यामुळे पुढची पाळी येईपर्यंत मी बारा बुटक्यांच्या मध्ये अंधारात उभा. पाळी आल्यावर पेटवली. चवताळून एक घाव घातला, तो दगडाला लागला. हातातून सुटली, तर सुटल्यावरही विझते. म्यान केली तरी विझते. एक फेरी सहा सेकंदांची धरतात. आम्ही सहा फेऱ्या लढलो. म्हणजे छत्तीस सेकंदांची लढाई सव्वा तास चालली आणि त्यातली निदान वीस सेकंदं मी काळोखात होतो. बुटके मारले ते पुतणीने आणि भाच्याने.

तलवारीवर इतक्या अटी का, असं मी जेवताना विचारलं. पुतण्या म्हणाला, ही तर गरीब गाय आहे. १९७४ च्या मूळ नियमांत जादूच्या तलवारींना बुद्धी होती, बाजू होती आणि अहंकारही होता, तो चक्क आकड्यात मोजलेला. तलवारीचा अहंकार जड पडला तर माणूस तिच्या म्हणण्याप्रमाणे चालायचा. मला हे अजिबात नवीन वाटलं नाही. आमच्या घरात वडलांचा कोयता आहे. एकदा शेजाऱ्याला दिला तो खाडा पडून परत आला, तेव्हापासून आईच्या म्हणण्याप्रमाणे तो रुसलेला आहे. माझ्या हातात नारळावरून घसरतो, तिच्या हातात एका घावात दोन भकलं. त्याचा अहंकार मोजायला कुणाचा फासा पुरायचा नाही.

भाच्याला मिळालेली तलवार तर शापित निघाली. एकदा सूर जुळले की माणूस ती अंगावेगळी करायला तयार होत नाही. लढाईत कुणी जखम केली आणि त्या वेळी मनाचा तोल गेला, तर बाकी सगळं सोडून त्या मारणाऱ्याच्याच मागे लागायचं, तो किंवा आपण आडवे होईपर्यंत. पोरांना हे भयंकर वाटलं. आमच्याकडे बांधाच्या भांडणात याहून वेगळं काय होतं? त्याला तलवार लागत नाही, मोजणीचा नकाशा पुरतो.

तिसरा दिवस. लाईट अजून माहेरीच. सकाळी आम्ही एका गुहेत गेलो तर समोर नरकातून आलेला सैतान. मी तलवार पेटवून जय्यत तयार, आणि पुतण्या शांतपणे सांगतो की याला आगीने काही होत नाही. बरोबरच आहे म्हणा. नरकातल्या माणसाला आगीचा धाक घालणं म्हणजे देवगडवाल्याला घामाचा घालणं. तिथून आम्ही पळालो. मी विझून पळालो.

संध्याकाळी पुतण्याला माझी दया आली. घरात कुणी चुकूनही म्हणणार नाही असा हुकमाचा शब्द निवडायची त्याने परवानगी दिली. पुतणीने यक्षांच्या भाषेतला एक लांबलचक शब्द शिकवला. तो मी फणस फोडेपर्यंत विसरलो. शेवटी आईनेच तंटा मिटवला.

"एका शब्दान हाक मारूक ता काय कुत्रा आसा? गाऱ्हाणा घाल."

पुतण्या म्हणाला, आजी, एक फेरी सहाच सेकंदांची असते. आई म्हणाली, गाऱ्हाण्याक लागता तितको वेळ लागता. या खेळात सूत्रधाराचा शब्द अखेरचा असतो, पण आजीसमोर सूत्रधार हा नातू असतो. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, एका वाक्यात आटपायचं आणि बाकीच्यांनी साथ द्यायची, या अटीवर मंजूर झालं.

रात्री पुलाखालून ट्रोल निघाला. समाजमाध्यमांवरचा नव्हे, मूळचा. हिरवा, लांब हातांचा, अंगात चौऱ्याऐंशी गुणांचा जीव. कितीही कापा, दर पाळीला त्याचे दहा गुण भरून येतात, तोडलेल्या शेवग्यासारखे. ते थांबवतं काय, तर तेजाब नाही तर आग. पोरांनी त्याला बावीसवर आणला, तो बत्तीस झाला. पुन्हा बावीसवर आणला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी आयुष्यात कुणी अशी वाट बघितलेली नाही. मी उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा! पुण्यासून इलेल्या ह्या पोरांच्या वाटेत जो कोण आडवो इलो हा, तेका हयच जाळून तेची राखाडी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली, आई ओरडली, स्वयंपाकघरातून बायको ओरडली, आणि शिडी परत द्यायला आलेला शेजारीही अंगणातून ओरडला.

मी सुपात फासा टाकला. बोटांना फणसाचा चीक होता, फाशालाही लागला, आणि फासा सुपाच्या कडेला तिरका चिकटून राहिला. वरच्या अंगाला वीस आणि दोन, दोघांच्या मधली कड. वीस म्हणजे वर्मी घाव, दोन म्हणजे वार फुकट. पुतण्या म्हणाला, तिरका फासा परत टाकायचा असतो. त्याचा हात पुढे आला तसा आईने त्यावर चापट मारली.

"कौल परत लावूचो नसता. सुटात तसो सुटात."

देवळात देवाच्या अंगाला पाकळी चिकटवून कौल लावला की ती पडेपर्यंत गप्प बसायचं, ढोसायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पुण्याच्या पोरांना त्या रात्री कळलं. कंदिलाच्या उजेडात आम्ही सहा जण आणि शेजारी त्या फाशाकडे बघत बसलो. चिकाची तार ताणत गेली. फासा हळूहळू कलला आणि सुपात पडला. वीस.

वीस पडले की जखमेचे फासे दुप्पट होतात, आगीचेसुद्धा. ट्रोलला बावीस पुरत होते, मी एकतीस घातले. पुढच्या पाळीला त्याचं काहीही भरून आलं नाही. शेजारी म्हणाला, "बरा झाला," आणि शिडी पडवीला लावून गेला. माझ्या हाताचा चीक खोबरेल लावून काढायला मात्र ट्रोलपेक्षा जास्त वेळ लागला.

पोरं गेल्यावर दुसऱ्या दिवशी लाईट आली. आठवडाभर टिकली. मग जूनचा खरा पाऊस सुरू झाला आणि एका रात्री मी पडवीतून आत येत असताना पुन्हा मिट्ट काळोख. उंबऱ्यावर पाय ठेचकाळला. भिंत चाचपत उभा राहिलो, तर तोंडातून आपोआप निघालं, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," माजघरातून आई म्हणाली. "मेणबत्ती फडताळात आसा, डावीकडे. काडी ओली आसा."