दिवाळीत किती वाईट वाटून घ्यावं?

वसुबारस तोंडावर आली की माळ्यावरून दोन गोष्टी खाली काढायच्या. एक पितळी सोऱ्या आणि दुसरी जगातल्या गरिबांविषयीची हळहळ. दोन्ही वर्षभर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि भाऊबीज झाली की पुन्हा तिथेच जायच्या असतात. सोऱ्याला निदान तेलाचा हात लावावा लागतो. हळहळ तशीच वापरता येते.

पण वापरायची वेळ सांभाळा. खरेदीच्या आधी वाईट वाटलं तर खरेदी बोंबलते. म्हणून आधी पिशव्या घरी आणाव्यात, किमतीच्या चिठ्ठ्या कात्रीने कापाव्यात, चहा घ्यावा आणि मग सोफ्यावर पाय वर घेऊन म्हणावं, “किती तो खर्च करतो आपण! तिकडे लोकांना एक वेळ खायला मिळत नाही.” नव्या साडीच्या घडीवर हात फिरवत म्हटलं तर वाक्य अधिक खोल जातं. २०२५च्या धनत्रयोदशीला सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या बरंच वर होतं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकांनी पाटल्यांचा बेत रद्द करून नुसतं वेढणं घेतलं आणि दिवाळीभर “यंदा अगदी साधीच बरं का” असं सांगत फिरले. तुम्हीही असं करू शकता. परवडलं नाही म्हणून जे घेतलं नाही, ते गरिबांच्या नावे त्यागात मांडायला कोणाची हरकत नसते. गरिबांनी तर आजवर कधीच घेतलेली नाही.

आता गरीब कोणता निवडायचा? इथे नवखे लोक चुकतात. गरीब नेहमी लांबचा घ्यावा. आफ्रिकेतला उत्तम. भाषा येत नाही, फोन नंबर नाही, जिन्यात समोर येत नाही. त्याच्यासाठी जागतिक बँकेचा आकडा तयार असतो: जून २०२५पासून दिवसाला तीन डॉलर ही अतिदारिद्र्याची रेषा, आणि तिच्याखाली जगभरात ऐंशी कोटींच्या आसपास माणसं. हा आकडा चिवड्याची बशी हातात असतानाच टाकावा. बशी खाली ठेवून सांगितला तर लोकांना भाषण वाटतं.

सावधगिरीची एकच सूचना. सोसायटीत एक तरी काका असे असतातच, जे मोबाइल काढून तीनला डॉलरच्या भावाने गुणतात आणि जाहीर करतात, “म्हणजे अडीचशे रुपये रोज? अहो, मग आपली कामवाली मावशी गरीब नाहीच!” ते डॉलर खरेदीशक्तीचे, म्हणजे तेवढ्यात किती वस्तू येतात त्या हिशेबाचे असतात, बाजारभावाचे नव्हेत, रुपयांत रेषा अडीचशेच्या पुष्कळ खाली येते. पण काकांना हे समजावत बसू नका. त्यांच्या गुणाकाराने अख्ख्या सोसायटीला शांत झोप लागते.

जवळचा गरीब मात्र टाळलेला बरा. तो उत्तर देतो. मध्यंतरी जगाच्या भुकेवर आमच्या घरी चर्चा रंगात आली होती आणि नेमक्या तेव्हाच मावशी ओल्या हाताने पदर सावरत दारात उभ्या राहिल्या. “ताई, पोस्त देणारच ना? वर दोन हजार उचल द्या. पगारातनं कापा.” चर्चा थांबली. उचल कशाला, भावाची बायको आजारी आहे का, मागची फिटली का, अशी रीतसर चौकशी झाली. ऐंशी कोटींची कोणी अशी चौकशी केली नव्हती. शेवटी हजार दिले, आणि ते देताना तो आवाज काढला, जो आपण फक्त रिक्षावाल्याशी आणि मावशींशी बोलताना काढतो.

भावाची बायको आजारी नव्हती. भाऊ-भावजय ऊसतोडीला निघाले होते, बीडकडून कोल्हापूरच्या बाजूला, आणि धाकटी पोर इथे मावशींकडे राहणार होती. “दसऱ्यालाच मुकादमाची गाडी आली. औंदाची भाऊबीज बुडाली,” एवढंच त्या म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

हे ऐकलं असेल तर लगेच विसरावं. नाहीतर शंकरपाळ्यांना चव राहत नाही. कारण आपण पाक करतो ती साखर झाडाला लागत नाही. आपण आकाशकंदील लावत असतो त्या सुमाराला मराठवाड्यातून टोळ्या निघतात, कारखान्यांत गाळपाची पहिली मोळी पडते आणि पुढचे चार-पाच महिने ही माणसं उसाच्या फडाशेजारी कोपी बांधून राहतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. राबायला दोघं, हिशेबाला एक. आधी घेतलेली उचल अंगावर असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे वर कापून. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढला, म्हणजे टनाला ३६६ रुपये झाला. टनाला दहा टक्के उतारा धरला तर शंभर किलो साखर. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस रुपयांच्या किलोभर साखरेत तोडणाऱ्या जोडीचे साडेतीन-पावणेचार. तुमच्या घरी दिवाळीला पाच किलो साखर लागत असेल, तर त्यांचे अठरा रुपये झाले. पार्किंगवाल्याला आपण वीस देतो आणि सुटे मागत नाही.

बघा, म्हणून म्हटलं, लांबचा घ्या. तिथे कुठली वस्तू आपल्या कढईत येते ते कळत नाही.

एवढं करूनही टोचत राहिलं तर दान करा, पण वस्तूंचं. पैसे दिले की माणूस ते मनासारखे खर्च करतो, हा मोठा धोका. जुने कपडे द्यावेत, चेन तुटलेली पँट द्यावी, मुलांना नको झालेली कोडी द्यावीत. एखादा तुकडा कमी असला तरी पाड्यावरच्या पोरांना वेळच वेळ असतो. फोटोत वाटणारा मध्ये आणि घेणारे कडेला आले पाहिजेत. परतताना वाटेत मिसळ खाल्ली तर तो प्रवासखर्च.

आणि फराळाचं. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे घरोघर हात थरथरतो. मावशींचा डबा सगळ्यात शेवटी भरायचा असतो. आधी लेकीच्या सासरचा, मग साहेबांचा, मग समोरच्या बिऱ्हाडाचा, त्यात अख्ख्या चकल्या, वर काजूचा तुकडा दिसेल असा चिवडा. मग परातीत जे उरतं त्यावर नजर फिरवायची. मऊ पडलेल्या चकल्या, बसलेला बेसनलाडू, आणि तळताना तुपात पसरून चाळणी झालेले अनारसे. आमच्याकडे यंदा पहिला घाणा पूर्णच हसला होता. टाकवत नाही, वाढवत नाही. असे जिन्नस गरिबीच्या प्रश्नाला फार उपयोगी पडतात. तळाशी अनारसे, त्यावर चकल्या, त्यावर एक चांगला लाडू. झाकण घट्ट लावावं.

फक्त मावशी तिथेच झाकण उघडतील हे गृहीत धरा. आमच्या मावशींनी उघडलं. पोरगी सोबत होती, तिला लाडू काढून दिला. मग चकल्या बाजूला सारून त्यांनी तळ पाहिला. गावाकडे त्या स्वतः पायलीभर तांदळाचे अनारसे करतात, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

“हासले जणू, ताई?”

अशा वेळी “हो, थोडे हसले” एवढंच म्हणावं आणि दार हळू लावून घ्यावं.