बारा व्होल्टांचा आकडा

टेक्सासात ज्याच्या गाडीमागे काही जोडलेलं नाही, त्याच्याकडे लोक जरा कीव आल्यासारखं बघतात. कुणाच्या मागे बोट, कुणाच्या मागे घोड्यांची पेटी, कुणाच्या मागे गवत कापायच्या यंत्रांनी भरलेला जाळीचा गाडा. ऑस्टिनच्या उत्तरेला राहून इतकी वर्षं आम्ही मागे काही न बांधता एसयूव्ही चालवली, ती केवळ दरवर्षीच्या भारतवारीत पैसे संपायचे म्हणून. यंदा बाबाच इकडे आले, वारी वाचली आणि त्या पैशांत आम्ही एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर घेतला. आत चौघांची झोपायची सोय, दोन बर्नरची शेगडी आणि पोह्यांची परात मावेल न मावेल असा ओटा. सामान भरून वजन साडेतीन हजार पौंड, म्हणजे सोळाशे किलोच्या घरात. इंक्स लेकच्या काठावरची जागाही राखून झाली.

ओढण्याची काळजी नव्हती. गाडी पाच हजार पौंड ओढते, हे विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं. ओढलेलं थांबवायचं कसं, यावर मात्र विकणारे सहसा बोलत नाहीत. आपण ब्रेक दाबला की गाडी थांबते. मागच्या सोळाशे किलोंना ते कुणी कळवलेलं नसतं. ते आपल्याच नादात पुढे येत राहतात. टेक्सासच्या कायद्याला त्याचं फारसं काही वाटत नाही, एकूण वजन ४,५०० पौंडांच्या वर गेलं की मग तो ट्रेलरला ब्रेक मागतो. कॅलिफोर्नियाला कॅम्परच्या बाबतीत १,५०० पौंडांतच घाम फुटतो. आमच्या गाडीचं पुस्तक १,००० पौंडांवर अडून बसलं होतं. आणि बायकोचं म्हणणं, पोरं मागच्या सीटवर असताना तू मला पौंड सांगू नकोस.

तर ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असतात, विजेवर चालणारे. ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्या ओढीने एक दांडी सरकते आणि ब्रेकशू ड्रमवर दाबले जातात. किती करंट सोडायचा हे ठरवणारी एक डबी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी बसवायची. ती म्हणजे ब्रेक कंट्रोलर. गाडी किती जोरात मंदावतेय हे ओळखून ती त्या हिशोबाने मागे करंट पाठवते. डबी मी मागवली. तिच्या पाठीतून चार वायरी निघतात: काळी, पांढरी, लाल आणि निळी. या चारांना गाडीच्या पोटात त्यांच्या जोडीदारांशी भेटवायचं, एवढंच काम. शिवाय आमच्या गाडीला टोइंग पॅकेज होतं. चांगले पैसे मोजून घेतलेलं. त्यात ट्रेलर जोडायची मागची हिच, सात पिनांचं गोल सॉकेट आणि 'ब्रेक कंट्रोलरसाठी वायरिंग तयार' हे चार शब्दांचं आश्वासन. म्हणजे डॅशबोर्डाखाली कुठेतरी एक रिकामा प्लग आपली वाट बघत असणार.

'कुठेतरी' हा या लेखाचा विषय.

पुस्तक जाडजूड. सीट गरम कशी करावी यावर कितीतरी पानं, तीही टेक्सासात विकलेल्या गाडीत. ट्रेलरच्या प्रकरणात मात्र वायरिंगपाशी आल्यावर लेखकाने हात झटकून 'आपल्या विक्रेत्याशी संपर्क साधा' असं लिहिलेलं. साधला. सुट्या भागांच्या खिडकीने सर्व्हिसकडे पाठवलं, सर्व्हिसने सुट्या भागांकडे. शेवटी एका पोराने स्क्रीनवर बराच वेळ बघून सांगितलं, "स्टिअरिंगच्या डावीकडे असतो. किंवा उजवीकडे. मॉडेलवर आहे." आणि गाडी सोडून गेलात तर शोधून देऊ, शोधायचे पैसे तासावर पडतील. मी विकत घेतलेली वस्तू त्यांनीच कुठे ठेवली हे सांगायचे पैसे.

शनिवारी दुपारी गॅरेज उघडलं. बाहेर पारा अडतीसच्या पुढे. डॅशबोर्डाखाली शिरायची पद्धत अशी: पाय सीटच्या पाठीवरून मागे, कंबर सीटच्या कडेवर, पाठ दाराच्या उंबऱ्यावर आणि डोकं पेडलांच्या मध्ये. टॉर्च दातांत. अशा वेळी जे दिसतं ते माणसाने एकदा बघावं. वरून गाडी किती गुळगुळीत, खाली नुसती वायरींची गर्दी. जुडग्यावर जुडगी, त्यांना चिकटपट्ट्या, क्लिपा, मध्येच एखादा उघडा लोखंडी कोपरा, तो बरोबर मनगटाच्या उंचीवर. आणि रिकामे प्लग म्हणाल तर एक नाही, चांगले पाच-सहा लोंबत होते. करडा, पांढरा, हिरवट. नंतर लक्षात आलं, ते सगळे मी न घेतलेल्या सोयींचे होते. महागड्या मॉडेलातली गोष्ट आपल्याकडे नसेल, पण तिचा प्लग आपल्या गुडघ्यावर कायम लोंबत असतो. जे घेतलं होतं तेवढ्याचाच तेवढा पत्ता नव्हता.

टॉर्च धरायला लेकीला बोलावलं. तिने तो अत्यंत निष्ठेने धरला, फक्त जिकडे तिचा फोन होता तिकडे.

"अगं, इकडे."

"इकडे म्हणजे कुठे, डॅड? तू तर सगळीकडेच आहेस."

खालचं पॅनेल काढताना एक क्लिप टक्कन तुटून माझ्या कॉलरीत गेली. आधाराला म्हणून जे धरलं ते बॉनेटचं हँडल निघालं, समोर बॉनेट धप्पकन उघडलं. दचकून गुडघा वर घेतला तो हॉर्नवर. आमच्या गल्लीत हॉर्न वाजत नाही. दिवाळीच्या फटाक्यांनंतर इतका मोठा आवाज आमच्याच घरातून आलेला, त्यामुळे आधी शेजारचा आजोबा आला आणि त्याच्या पाठोपाठ घरातून बाबा.

बाबांची ओळख इथे करून द्यायला हवी. जन्म इस्लामपूरकडचा, नोकरी सगळी वीज मंडळात, लाइनमन म्हणून. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि पाटीवर महावितरण आलं, तरी बाबांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च. अमेरिकेला येताना आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी त्यांनी स्वतःचा टेस्टर ठेवला होता. "कुटं लागंल सांगता येत न्हाई." तो लागायची वेळ आली असं त्यांना त्या दुपारी मनापासून वाटलं.

"सरक. कितीची लाइन हाय?"

"बारा व्होल्ट, बाबा."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. अकरा हजारांच्या खांबांवर आयुष्य काढलेला माणूस. घरात दोनशे तीस, इथल्या घरात एकशे वीस, आणि आता मुलाच्या गाडीत बारा. पण काम म्हणजे काम. टेस्टर आत घातला. कशालाच लागेना. लागणारही नव्हता, कारण त्यातला निऑनचा दिवा साठ-सत्तर व्होल्टांच्या खाली डोळाच उघडत नाही. बाबांनी निकाल दिला, "मेलेली हाय सगळी लाइन. गाडी चालतीया कशी?"

मग त्यांनी कंट्रोलरचा कागद मागितला. मी रंग वाचून दाखवले: काळी म्हणजे बॅटरीकडून येणारी, कायम चालू. पांढरी अर्थिंग. लाल ब्रेकच्या स्विचकडून, पेडल दाबलं की जिवंत होणारी. निळी मागे ट्रेलरकडे जाणारी.

"काळी चालू?" बाबा थांबलेच. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, आणि अर्थिंग हिरवी. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी माणसं जिवंत ठेवली होती. "काळी हातात धरायची आन् मरायचं, आसं हाय व्हय हितं? खुळ्याचा बाजार. बटणं बी उलटी, वर केलं की चालू." बटणांचा राग ते विमानतळावरून घरी आल्यापासून धरून होते.

शेजारचा आजोबा मोठा ट्रकवाला. त्याच्या पिकअपमध्ये ब्रेक कंट्रोलर कारखान्यातूनच डॅशबोर्डात बसून आलेला, हे त्याने आल्या आल्या सांगितलं. असं सांगणारा माणूस प्रत्येक गल्लीत एक असतो. पण दोन गोष्टी त्याने कामाच्या केल्या. पिवळ्या वेष्टणातल्या वायरींकडे बोट दाखवून "नो, नो, नो" म्हणाला, कारण पिवळं म्हणजे एअरबॅग, आणि माझं नाक त्या वेळी स्टिअरिंगच्या बरोबर खाली होतं. आणि घरी जाऊन एक टेस्ट लॅम्प घेऊन आला: मुठीत बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा.

तो बघून बाबांचा चेहराच बदलला. "आरं, टेस्ट लॅम्प!" आणि बोर्डात दोन बल्ब सिरीजमध्ये बांधून दोन फेजमधली लाइन कशी तपासायची, हे त्यांनी शेजाऱ्याला मराठीत, हातवारे करून, सविस्तर सांगितलं. त्याने इंग्रजीत उत्तर दिलं. दोघांचं इतकं जमलं की मी खाली आहे हे दोघेही विसरले. माझ्या डोक्यावर मराठी-इंग्रजीत विद्युतशास्त्र चाललेलं आणि कानाशी क्लचच नसलेल्या गाडीची ती दोन पेडलं.

"बाबा, प्लगच सापडत नाही. टेस्ट काय करणार?"

"तू काय शोधतुयास?"

"रिकामा प्लग."

"तितंच चुकतंय. लोंबणारं कशाला बघतुयास? लपवलेलं बघ." आणि मग बाबा आपल्या खऱ्या कामावर आले. नोकरीतली शेवटची वर्षं त्यांनी खांबावर कमी आणि वीजचोरांचे आकडे पकडण्यात जास्त घालवली होती. ज्याने लाइनवर आकडा टाकलाय तो वायर उघडी ठेवत नाही. भिंतीच्या कडेनं, पाइपामागून, वेलाखालून नेतो आणि वरून चिकटपट्टी मारतो. "जिथं विनाकारण पट्टी गुंडाळलीय, तिथं हात घाल. आन् बघू नको. बघून कुणाला आकडा गावला न्हाई. बोटानं चाचप."

मी टॉर्च तोंडातून काढला. ब्रेक पेडलाच्या दांड्याला धरून वर गेलो, स्विच ओलांडला, मागच्या जुडग्यावरून बोट फिरवलं. एका ठिकाणी जुडगं उगीचच जाड लागलं. वर कापडी पट्टी, खाली स्पंज, आणि स्पंजाच्या आत, तोंड भिंतीकडे करून, बोटभर लांबीचा करडा प्लग. खडखडू नये म्हणून कंपनीने तो असा गुंडाळून बांधलेला. पट्टीचं टोक नखाने उकललं, प्लग दीड इंच पुढे आला आणि पुढे येईना. त्याला वायरच तेवढी दिलेली.

"गावला," मी म्हणालो.

"गावणारच," बाबा शेजाऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, "यस सर."

टेस्ट लॅम्प लावला. लेकीला ब्रेक दाबायला बसवलं. "हळू, तिथे माझा कान आहे." पेडल दाबलं, एका पिनवर बल्ब पेटला. म्हणजे लाल जिवंत. पांढरीही ठीक. पण काळीवर, जी कायम चालू हवी, तिच्यावर बल्ब पेटेना. बाबांनी दुसऱ्यांदा मान हलवली, आता मात्र जाणत्याने हलवावी तशी. "फ्यूज बघ."

बॉनेट उघडंच होतं. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर नकाशा होता, त्यात ट्रेलर ब्रेकचं घर व्यवस्थित छापलेलं, तीस अँपिअर. घरात मात्र कुणी राहत नव्हतं. दोन पितळी पाती आणि मध्ये हवा.

बाबांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बिल थकवलंयस काय रे?" बोर्डात थकबाकीदाराचा फ्यूज असाच काढून नेत. मी शपथेवर सांगितलं की हप्ता दर महिन्याला खात्यातून जातो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. शेजाऱ्याने खुणेनेच सुचवलं की तूर्तास तांब्याची तार घालून बघू. भाषा न कळताही बाबांना ते कळलं आणि ते भडकले. "तार घालणाऱ्यांची घरं विझवून आलोय मी. फ्यूज आण." सुट्या भागांच्या दुकानात तो चार-पाच डॉलरांना मिळाला. बाबांनी स्वतःच्या हाताने बसवला, आणि झाकण लावण्यापूर्वी सवयीने आजूबाजूला बघून "हां, सोडा लाइन" असं ओरडले.

कंट्रोलर जोडला, ट्रेलरची मागची सात पिनांची तार लावली, डबीवर 'सी' अक्षर उजळलं. ट्रेलर जोडलेला आहे, असं डबीला कळलं. मग गल्लीतच ताशी पंचवीस मैलांनी गाडी नेऊन डबीवरची कळ हाताने सरकवून बघायची असते. त्यात गाडीचे ब्रेक लागत नाहीत, फक्त ट्रेलरचे लागतात. मागून कुणी शर्ट धरल्यासारखी गाडी मागे ओढली गेली. चाकं जाम न होता ओढ जाणवेल इतका करंट ठेवायचा, ते आकडे कमीजास्त करत आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. परत येताना ती कळ बाबांच्या ताब्यात होती. प्रत्येक घरासमोर ते ती सरकवत होते. लोक बाहेर येऊन बघत होते, शेजारी त्यांना समजावून सांगत होता.

रात्री बाबांनी इस्लामपूरला त्यांच्या जुन्या जोडीदाराला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, हातात चहाचा कप.

"अमेरिकेत आकडा पकडला," बाबा म्हणाले.

"कुणाचा?"

"कंपनीचा. पोराच्या गाडीत लपवला हुता."

पलीकडून जोडीदाराने चहाचा घोट घेतला आणि बोर्डातल्या माणसाने विचारावं तेच विचारलं, "दंड किती केलास?"

"दंड पोरानंच भरलाय," बाबा म्हणाले. "आधीच. पॅकेज म्हणत्यात हितं त्याला."