'एलएलबीत शिकण्यासारखं काही नसतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

लॉच्या प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की एक मेसेज दरवर्षी नव्यानं फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा भाच्याकडून, आणि एकदा माझ्या एका पक्षकाराकडून. त्यांच्या मुलीला तीन वर्षांच्या एलएलबीला नुकताच प्रवेश मिळालाय. खाली त्यांनी विचारलं होतं, "मॅडम, हे खरं आहे का?" त्यांना दोन ओळींत उत्तर द्यायला बसले, ते लांबत गेलं.

मेसेज थोडक्यात असा: "एलएलबी ही सगळ्यात सोपी पदवी. गाईड आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुरतात. ऐच्छिक विषय गुण देणारे घ्या, कोर्टात त्यांना कुणी विचारत नाही. हजेरी मॅनेज होते, नोकरी करत करा. पुढची बार कौन्सिलची परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते. आणि इंटर्नशिपची डायरी सीनियरकडून मिळते, उतरवून काढा."

मी पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि अधूनमधून कॉलेजांत व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायला जाते. इथलं आयएलएस हे कायद्याचं कॉलेज १९२४ साली सुरू झालं आणि त्याच्यावरून रस्त्यालाच लॉ कॉलेज रस्ता नाव पडलं. अशा गावात हा मेसेज एवढा पुढे ढकलला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"गाईड आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरतात."

आधी पदवीत असतं काय ते बघा. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांची आणि कायद्याच्या शिक्षणाची नियामक संस्था. तिच्या २००८ च्या नियमांप्रमाणे २० विषय अनिवार्य आहेत. त्यात संविधान, करार, अपकृत्य, कौटुंबिक कायदा, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया, कंपनी, कामगार, कर, पर्यावरण असं सगळं येतं. त्यावर ४ क्लिनिकल म्हणजे प्रत्यक्ष कामाचे पेपर आणि किमान ६ ऐच्छिक. झाले तीस. ऑनर्स करायचं तर आणखी ८. कोणता विषय कोणत्या सत्राला ठेवायचा हे विद्यापीठ ठरवतं, पण सांगाडा हाच. पाच वर्षांच्या कोर्सला याच्या जोडीनं पहिल्या पदवीचे विषय असतात.

प्रश्न पुन्हापुन्हा येतात, हे मान्य. गाईड वाचून पास होणारेही आहेत. पण १ जुलै २०२४ पासून काय झालं ते पाहा. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कालपर्यंत '४८२' म्हटलं की उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार डोळ्यांसमोर यायचे. आता नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. पूर्वी ४३८ खाली मागायचो तो अटकपूर्व जामीन आता ४८२ खाली मागायचा. शिवाय त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू, त्यामुळे दोन्ही कायदे टेबलावर असतात. ज्यानं कलमांचे आकडे पाठ केले, त्याचं पाठांतर एका रात्रीत जुनं झालं. ज्यानं गुन्ह्याचे घटक कोणते आणि ते सिद्ध करायचे कुणी, हे समजून घेतलं होतं, त्याला फक्त नवे आकडे शिकावे लागले.

"ऐच्छिक विषयांना कोर्टात कुणी विचारत नाही."

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण मुलं ते खरं मानून सहा संधी वाया घालवतात. बार कौन्सिलच्या यादीत ऐच्छिक विषयांचे गट आहेत: संविधान, व्यवसाय, आंतरराष्ट्रीय व्यापार, गुन्हेगारीशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, शेती, बौद्धिक संपदा. शेतीच्या गटात जमीनविषयक कायदे येतात. पुण्यातल्या मुलाला हा विषय रटाळ वाटतो, आणि पुण्यातल्याच वकिलाकडे पहिल्या महिन्यात जमिनीचा कागद येतो.

माझ्याकडे एक हुशार ज्युनियर होता. मुळशीकडची जमीन घ्यायला निघालेलं एक जोडपं आलं होतं. सातबारा मी त्याच्या हातात दिला. त्यानं भोगवटादाराचं नाव पाहिलं, क्षेत्र पाहिलं, विकणाऱ्याचं आधार कार्ड ताडलं आणि म्हणाला, "क्लिअर आहे मॅडम." मी म्हटलं, 'इतर हक्क' वाच. तिथं बारीक अक्षरात ओळ होती: "कु.का. कलम ४३ च्या बंधनास पात्र." म्हणजे कुळाला कूळकायद्यानं मिळालेली जमीन, ती विकण्यावर कायद्याची बंधनं आहेत, आणि ती पाळली नाहीत तर व्यवहारच अडचणीत. मग मी नवराबायकोला विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या नावावर शेतजमीन आहे का? नव्हती. १९४८ च्या त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. अहो, आयुष्यभराची पुंजी घेऊन आले होते ते दोघं. ज्युनियरला मालमत्ता हस्तांतरण कायद्यात उत्तम गुण होते. जमीनविषयक कायद्यांचा पेपर मात्र त्यानं "अवघड जातो" म्हणून सोडला होता.

दुसरं उदाहरण थोडक्यात. आज घटस्फोटाच्या अर्जापासून चेक बाउन्सपर्यंत सगळीकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणाच्या प्रिंट येतात. नुसती प्रिंट लावून भागत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या डिजिटल फाइलचा बोटाच्या ठशासारखा ओळख-आकडा, लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञानं भरायचा असतो. ज्यानं माहिती तंत्रज्ञानातल्या गुन्ह्यांचा ऐच्छिक पेपर मन लावून केला, त्याला हॅश म्हणजे काय हे पक्षकारासमोर शोधत बसावं लागत नाही.

यादीतले सगळे विषय प्रत्येक कॉलेजात नसतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी विचारा: यंदा कोणते ऐच्छिक विषय खरोखर शिकवले जाणार आहेत, आणि कोण शिकवणार आहे? फौजदारीकडे ओढा असेल तर दंडशास्त्र आणि पीडितशास्त्र, बालगुन्हेगारी घ्या. कंपन्यांत काम करायचं असेल तर बँकिंग, विमा, दिवाळखोरी. काहीच ठरलं नसेल तर कायद्याचा अर्थ लावण्याचा विषय घ्या, तो कुठेही उपयोगी पडतो.

"हजेरी मॅनेज होते."

नियम प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी मागतो. खास कारण असेल तर त्या विषयात ६५ आणि सगळ्या विषयांत मिळून ७० भरत असल्यास सवलत देता येते. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच भरवायचे आहेत, म्हणजे ऑफिस सुटल्यावरची जुनी नाईट कॉलेजची कल्पना संपली. पत्रद्वारा घेतलेल्या एलएलबीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. नोकरी करत शिकणाऱ्यांची ओढाताण मला समजते. घर चालवणारी, लहान मूल असलेली मुलं-मुली माझ्यासमोर व्हायवाला बसलेली आहेत आणि त्यातली कितीतरी वर्गातल्या इतरांपेक्षा सरस होती. त्यांनी सकाळचं कॉलेज शोधलं, साहेबांशी बोलून वेळ बदलून घेतली. हजेरी "मॅनेज" करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून एखाद्याचं वर्ष गेलं, तर ते भरून द्यायला तो माणूस येत नाही.

"बार कौन्सिलची परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असते."

टिपणं नसलेले बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याच्या मजकुराची पुस्तकं, नेता येतात, एवढंच यात खरं. १०० प्रश्न, वेळ मोजका. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं. संविधान १० गुण, दिवाणी प्रक्रिया १०, फौजदारी प्रक्रिया १०, पुरावा ८, कौटुंबिक कायदा ८, आणि असं करत करत एकोणीस विषय. खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. कोणता प्रश्न कोणत्या कायद्याच्या कोणत्या प्रकरणातला, हेच माहीत नसलेला माणूस दोन मिनिटांत पुस्तकातून काय शोधणार? ही परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये कायम केला आहे, तेव्हा ती टळेल या आशेवरही राहू नका. आणि न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मे २०२५ च्या निकालानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. म्हणजे कोर्टातून जाण्याला पर्याय नाही.

"डायरी उतरवून काढा."

चार क्लिनिकल पेपर म्हणजे मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण, आणि मूट कोर्ट (सरावासाठीचा लुटुपुटूचा खटला) व इंटर्नशिप. मसुदालेखनात दाव्यांचे, अर्जांचे पंधरा आणि दस्तांचे पंधरा मसुदे विद्यार्थ्यानं लिहायचे असतात. शेवटच्या पेपरात तीन मूट, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बसून पाहणं, वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराची मुलाखत कशी होते ते पाहणं, आणि हे सगळं डायरीत लिहिणं. शिवाय तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या कोर्सला २०, सलग चार आठवड्यांहून जास्त नाही.

एका कॉलेजात व्हायवाला एक मुलगा आला. डायरी सुबक, अक्षर सुंदर. दिवाणी दाव्यात साक्षीदाराचा उलटतपास पाहिल्याची तारीख लिहिली होती. मी मोबाईलवर कॅलेंडर काढून त्याच्यापुढे धरलं. तो रविवार होता. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, साक्षीदार कुठे उभा होता? म्हणाला, वकिलांच्या शेजारी. कोर्टात एकदा पाऊल टाकलेल्या माणसानं साक्षीदाराचा पिंजरा पाहिलेला असतो. त्याचा चेहरा उतरला आणि मलाही वाईट वाटलं, कारण ही युक्ती त्याला कुणीतरी वडीलकीच्या नात्यानं सांगितली असणार.

त्याच्यानंतर आलेल्या मुलीची डायरी चुरगळलेली होती, दोन पानांवर चहाचे डाग. तिनं मारहाणीच्या एका खटल्यातली साक्ष लिहून घेतली होती. साक्षीदार म्हणाला, "तो गाडीवरून उतरला आणि आला." टंकलेखकानं घेतलं, "आरोपी मोटारीतून उतरला." बचावाचे वकील उठले, "साहेब, गाडी म्हणालाय, मोटार नाही." न्यायाधीशांनी साक्षीदारालाच विचारलं, कुठली गाडी? "दुचाकी, साहेब. अ‍ॅक्टिव्हा." दुरुस्ती झाली. मुलीनं समासात लिहिलं होतं: गाडी म्हणजे कोणती, हे पोलिसांच्या जबाबातही कुणी विचारलेलं नव्हतं.

मी तिला विचारलं, पोलिसांचा जबाब तू कुठे पाहिलास? म्हणाली, "उलटतपासात वकिलांनी साक्षीदाराला त्याबद्दल विचारलं, तेव्हा कळलं." व्हायवा संपल्यावर ती दारापर्यंत गेली आणि परत आली. त्या खटल्याची पुढची तारीख कुठे बघायची, हे तिला हवं होतं. मी तिला न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर केस नंबर टाकून दाखवला. तारीख पुढच्या मंगळवारची होती, आणि तिनं ती डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली.