पिवळा की हिरवट?

आमच्या घरात एकमत मुळातच दुर्मीळ. फिशटँक आल्यापासून ते अमोनियाच्या चाचणीत पुरते बुडाले. काचेच्या नळीत टाकीतले पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब मोजून टाकायचे, काही मिनिटे थांबायचे आणि आलेला रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचा, एवढाच विधी आहे. पट्टीवरचा पिवळा म्हणजे शून्य आणि शेजारचा किंचित हिरवट म्हणजे माशांच्या जिवाला घोर. पत्नीला तो पिवळा दिसतो, मुलीला हिरवट, आणि मी चष्मा घालून एक व काढून दुसरा रंग पाहिलेला असल्यामुळे निर्णय राखून ठेवतो.

माशांच्या उत्सर्जनातून आणि न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो; फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे त्याचेच नायट्रेट होते, जे या तिघांत सर्वांत सौम्य. ही वस्ती जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर माशांवर प्रयोग नको म्हणून रिकाम्या टाकीत आम्ही मोजून अमोनिया घालत होतो आणि "मासे कुठे आहेत?" असे विचारणाऱ्या पाहुण्यांना, सध्या जिवाणू पाळले आहेत, असे गंभीरपणे सांगत होतो. पाहुणे चहा न घेता उठत.

पीएचचा, म्हणजे पाण्याच्या आम्लतेच्या मापाचा, छळ निराळा. त्यात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक, हे कळल्यावर हात शिवशिवतात. परंतु पाण्यात कार्बोनेट भरपूर असतील तर पीएच उतरवणारे औषध घातल्यानंतरही तो बहुधा पुन्हा मूळ जागी येतो, आणि या चढउतारापेक्षा थोडासा गैरसोयीचा पण स्थिर पीएच बहुतेक माशांना अधिक मानवतो. उलट तो चढवला, तर असलेला अमोनियाच अधिक विषारी होतो. म्हणून बाटली कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली पत्नीकडे.

दर आठवड्याला हीटर बंद करून चतुर्थांश पाणी बदलतो. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे क्लोरीनयुक्त जंतुनाशक असेल, तर ते रात्रभर बादलीत ठेवूनही सहसा उडून जात नाही, त्यामुळे क्लोरीननाशक आधी, मासे नंतर. एवढे सगळे मान्य करणारी आई स्पंजपाशी मात्र अडते. तो काळपट स्पंज तिला नळाखाली धुऊन लख्ख करायचा असतो. नळातल्या क्लोरीनने जिवाणू मरतील म्हणून मी तो टाकीतून काढलेल्या मळक्या पाण्यातच हलकेच पिळतो.

"घाण पाण्यात धुतलास," आई म्हणते, "मग धुतलास कशाला?"